स्थानकाचा खड्डा

घाटघर हे जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचे गाव. गावाच्या पुढे पठार संपते, नाणेघाट कोकणात उतरतो आणि सह्याद्रीचा कडा सरळ खाली तुटतो. भटके इथे नानाचा अंगठा आणि जीवधन पाहायला येतात, इतिहासाचे अभ्यासक राणी नागनिकेच्या ब्राह्मी शिलालेखासाठी येतात. भुयारी रेल्वेचा विचार करणाऱ्याने मात्र त्या कड्याचे उभे अंग नीट पाहावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे थर तिथे एकावर एक रचलेले दिसतात. कुठे सलग, काळा, टणक बेसॉल्ट; कुठे बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरे खनिज भरलेला, तुलनेने मऊ खडक; तर कुठे दोन थरांमध्ये अडकलेली लाल मातीची पट्टी. भूशास्त्रज्ञांनी या थरांच्या एका गटाला शेजारच्या भीमाशंकराचे नाव दिले आहे. पुण्याच्या पेठांखाली याच कुळातला खडक आहे. मुंबईच्या पोटातही तोच आहे, फक्त तिथे त्यात ब्रेशिया, टफ आणि शेल यांची सरमिसळ जास्त आहे. गेल्या दहा वर्षांत या दोन्ही शहरांनी याच खडकात भुयारी स्थानके खोदली. ती खोदताना कोणते यंत्र वापरायचे, हा प्रश्न आपण अभियंते आणि कंत्राटदार यांच्यावर सोडून दिला, आणि जिथे लोकांचा आवाज पोहोचला तिथे तो भीतीच्या बाजूने उमटला. माझे म्हणणे असे आहे की सलग बेसॉल्टमध्ये स्थानक खोदायचे असेल तर मोजून-मापून केलेला नियंत्रित सुरुंगस्फोट हा खडक ठोकून फोडणाऱ्या, महिनोन्महिने चालणाऱ्या ब्रेकर यंत्रापेक्षा शेजाऱ्यांना कमी जाचक असतो. मात्र ही निवड करण्याचा अधिकार हवा असेल, तर कंपनाचा प्रत्येक आकडा लोकांसमोर मांडण्याची जबाबदारीही घ्यावी लागेल.

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे पटवायला फार शब्द लागणार नाहीत. त्याने विहीर खोदली आहे. वरची माती फावड्याने निघते, मुरूम पोकलेन उचलते, मांजऱ्या नावाचा मऊ खडक कुदळीला आणि ब्रेकरला दाद देतो, आणि मग काळा कातळ लागतो. कातळ लागला की कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर येतो, भोके पाडली जातात, जिलेटिन भरले जाते, सगळ्यांना बांधापलीकडे पाठवून सुरुंग उडवला जातो आणि सुटलेला दगड यारीने वर काढला जातो. भुयारी स्थानक ही याच क्रमाने उतरणारी, पण दोन-सव्वादोनशे मीटर लांब आणि वीस-बावीस मीटर रुंद अशी विहीर आहे. फरक इतकाच की विहिरीच्या काठावर ज्वारी असते आणि स्थानकाच्या काठावर चार मजली चाळ, दवाखाना, शाळा. त्या फरकामुळे पद्धत अधिक काटेकोर करावी लागते, हे खरे. पण खडकाचा स्वभाव त्याने बदलत नाही.

मेट्रोच्या बातम्यांत मानाचे पान टनेल बोअरिंग मशीनला, म्हणजे टीबीएमला मिळते. मुंबईच्या मेट्रो ३ साठी अशी १७ यंत्रे उतरवली गेली आणि त्यांना महाराष्ट्रातल्या नद्यांची नावे दिली गेली. पुण्यात मुठा, मुळा आणि पवना या नावांची यंत्रे चालली, आणि जून २०२२ मध्ये बुधवार पेठेत शेवटचे यंत्र बाहेर आले तेव्हा छायाचित्रकारांची गर्दी झाली. हा मान त्या यंत्रांना शोभतो. फिरत्या चकत्यांनी खडक चेचत पुढे जायचे आणि मागोमाग काँक्रीटच्या कड्या बसवत यायचे, हे काम रस्त्यावरच्या माणसाला कळूही न देता होते. पण हिशेब मांडला की चित्र बदलते. साधारण ६.६ मीटर व्यासाचे दोन बोगदे धरले तर एका किलोमीटरला सुमारे ६८ हजार घनमीटर खडक निघतो. २२० मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि २५ मीटर खोल असा स्थानकाचा खड्डा धरला तर त्यातून १ लाख २१ हजार घनमीटर माल बाहेर पडतो. मेट्रो ३ ची लांबी ३३.५ किलोमीटर, भुयारी स्थानके २६. म्हणजे एका स्थानकाच्या वाट्याला सरासरी १.३ किलोमीटर मार्ग येतो. त्यातून स्थानकाची लांबी वजा केली तर बोगद्याचा माल ७३-७४ हजार घनमीटर, आणि स्थानकाचा त्याच्या दीडपटीहून अधिक. शहराच्या पोटातून निघणारा निम्म्याहून अधिक माल बोगद्यातला नसून स्थानकातला असतो. शिवाय टीबीएम उतरवायला आणि बाहेर काढायला आधी कोणीतरी तो खड्डा खणलेला असावा लागतो. रहिवाशाला जो आवाज, जी धूळ आणि जो वळसा सोसावा लागतो, तो जवळजवळ सगळा या खड्ड्याचा असतो.

हा खड्डा खणणारी यंत्रे प्रसिद्धीच्या झोतात येत नाहीत, म्हणून त्यांचे काम थोडे तपशिलाने सांगायला हवे. आधी पायलिंग रिग येते आणि खड्ड्याच्या चारी बाजूंनी एकमेकांना चिकटून काँक्रीटचे खांब जमिनीत उतरवते. हे खांब भराव, माती आणि कुजलेला खडक धरून ठेवतात. त्यांच्या आत पोकलेन माती उचलत खाली जातात. जसजसा खड्डा खोल होतो तसतसे भिंतींना आडवे पोलादी टेकू लावले जातात किंवा खडकात नांगर ठोकून भिंत मागे ओढून धरली जाते. पंधरा मीटरच्या खाली रॅम्प करायला जागा उरत नाही; मग पोकलेनच क्रेनने खाली सोडावे लागते आणि माल वर काढायला लांब दांड्याचे, जबडा असलेले क्लॅमशेल यंत्र किंवा गॅन्ट्री क्रेनची बादली लागते. वर हायवा डंपर रांगेत उभे असतात. फुटलेला खडक दीडपट फुगतो, आणि एका हायवात बारा घनमीटर मावतात असे धरले तर त्या एका स्थानकासाठी पंधरा हजार खेपा होतात. त्याही बहुधा रात्री, कारण दिवसा अवजड वाहनांवर शहरात निर्बंध असतात. जिथे वरून इतका मोठा खड्डा उघडणेच शक्य नव्हते, त्या काळबादेवी आणि गिरगावला बाजूला कूपक खणून, तिथून आडवे शिरून रस्त्याच्या आणि चाळींच्या खाली गुहा कोरावी लागली. थोडे खोदायचे, लगेच काँक्रीटचा (शॉटक्रीट) थर फवारायचा, रॉक बोल्ट ठोकायचे, खडक किती हलला ते मोजायचे आणि मग पुढचे पाऊल टाकायचे, अशी ती पद्धत. पुण्यातले जिल्हा न्यायालय स्थानक ३३.१ मीटर खोल गेले. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बुलेट ट्रेनच्या स्थानकाची खोली सुमारे ३२ मीटर, आणि एकट्या त्या खड्ड्यातून काढायचा माल १८.७ लाख घनमीटर.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येऊ. शहरात कातळ लागला की पोकलेनच्या हाताला बादलीऐवजी हायड्रॉलिक ब्रेकर लावला जातो. तेलाच्या दाबाने आतला पिस्टन छिन्नीवर मिनिटाला शेकडो ठोके घालतो. खडकाला सांधे असतील तर छिन्नी त्या फटीत शिरते आणि ढेपा सुटतात. ब्रेकर तिथे उत्तम काम करतो. पण घाटघरच्या कड्यात दिसतो तसा सलग, सांधे कमी असलेला काळा थर आला की छिन्नी एकाच जागी आपटत राहते, तापते, बोथट होते, आणि दगडाची फक्त भुकटी निघते. एक ब्रेकर तासाला दहा घनमीटर फोडतो असे उदारपणे धरू. वरची माती-मुरूम वगळून १ लाख घनमीटर खडक उरला, तर यंत्राचे १० हजार तास होतात. चार यंत्रे रोज दहा तास चालवली तरी २५० दिवस. खडक टणक निघून वेग निम्मा झाला तर ५०० दिवस. यंत्राजवळ आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतल्या कामाविरुद्ध कफ परेडचे रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिथले रात्रीचे काम थांबवले, ते याच पार्श्वभूमीवर. पुढच्या वर्षी ती मनाई शिथिल झाली. झोपेचा हक्क मागणारे ते लोक बरोबर होते. पण रात्र बंद केली की काम दिवसांत लांबते, आणि ज्या वृद्धाला किंवा तान्ह्या बाळाला दिवसाही घरातच राहायचे आहे त्याचा त्रास तेवढाच पुढे सरकतो. त्रासाची वेळ बदलली, यंत्र मात्र तेच राहिले.

सुरुंगाचा हिशेब वेगळा आहे. शहरातल्या नियंत्रित स्फोटात बारीक व्यासाची, दीड-दोन मीटर खोल भोके ठरावीक अंतरावर पाडतात. सगळी भोके एका क्षणी उडवत नाहीत. प्रत्येकाला काही हजारांश सेकंदांचा उशीर दिलेला असतो, म्हणजे कोणत्याही एका क्षणी फार थोडी दारू पेट घेते. जमिनीचे कंपन मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, त्या एका क्षणी उडालेल्या दारूचे वजन आणि तिथून इमारतीचे अंतर. म्हणून इमारत जवळ असली की भोकातली दारू कमी करायची, हा नियम साधा आणि मोजता येणारा आहे. खड्ड्याच्या कडेने रिकाम्या भोकांची दाट ओळ पाडली की धक्का त्या ओळीशी काही अंशी अडतो. वर रबरी चटया, लोखंडी जाळी आणि वाळूच्या गोण्या टाकल्या की तुकडे उडत नाहीत. अशा एका फेरीत ४०० घनमीटर खडक सुटला आणि दिवसाला एकच फेरी घेतली, तरी १ लाख घनमीटरला २५० दिवस लागतात, म्हणजे ब्रेकरच्या चांगल्यातल्या चांगल्या वेगाइतकेच. प्रत्येक स्फोट फार तर दोन सेकंदांचा धरला तर संपूर्ण स्थानकाच्या स्फोटांचा एकूण वेळ दहा मिनिटांहून कमी भरतो. भोके पाडायच्या ड्रिलचा आवाज असतो, मोठ्या ढेपा फोडायला आणि कडा तासायला ब्रेकरही लागतो, हे लपवायचे कारण नाही. तरीही दहा हजार यंत्र-तासांचा ठोका आणि ही दहा मिनिटे एका तागडीत बसत नाहीत. मेट्रो ३ च्या काही स्थानकांवर असे स्फोट केले गेले, बुलेट ट्रेनच्या खड्ड्यातही केले गेले.

पहिला आक्षेप जुन्या इमारतींचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. कसबा पेठेतला वाडा, गिरगावची चाळ, १८८६ साली उभी राहिलेली पुण्याची मंडई. यांच्या चुन्याच्या भिंतींना स्फोट सोसेल का? याचे उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात मर्यादा दिल्या आहेत आणि शहरी कामांतही त्याच प्रमाण मानल्या जातात. साध्या घरांसाठी कंपनाच्या वारंवारतेनुसार सेकंदाला ५, १० आणि १५ मिलिमीटर; ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी २, ५ आणि १० मिलिमीटर. सर्वांत कडक मर्यादा सेकंदाला २ मिलिमीटरची आहे. एखाद्या वाड्याच्या पायाशी ही मर्यादा पाळून स्फोट करता येत नसेल, तर तिथे स्फोट करू नये. सरळ गोष्ट आहे. पण मग ब्रेकरलाही तोच मापदंड लावा. ब्रेकरचे कंपन एका ठोक्याला कमी असते, हे मान्य. ते दिवसभर, महिनोन्महिने येत राहते, आणि ब्रेकर भिंतीला खेटून काम करत असतो. सुरुंगाच्या वेळी कंपनमापक लावायचा आणि ब्रेकर मात्र मोजमापाशिवाय चालू द्यायचा, ही पद्धत घाबरवणाऱ्या आवाजाला धोका समजते आणि कंटाळवाण्या आवाजाला निर्धोक ठरवते. भिंत आवाजाने तडकत नाही, कंपनाने तडकते.

दुसरा आक्षेप अपघाताचा. न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यू सबवेसाठी मॅनहॅटनच्या कठीण खडकात स्थानकांच्या गुहा सुरुंगांनीच खोदल्या गेल्या. २१ ऑगस्ट २०१२ रोजी बहात्तराव्या रस्त्यावर एक स्फोट आटोक्याबाहेर गेला, दगड उडून रस्त्यावर आले, आसपासच्या खिडक्या फुटल्या आणि स्फोट थांबवावे लागले. तो मार्ग १ जानेवारी २०१७ रोजी सुरू झाला. या घटनेचा एक अर्थ असा घेता येतो की सुरुंग शहरात नकोच. मला दुसरा अर्थ अधिक खरा वाटतो. चूक कामाच्या शिस्तीत होती, ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली, काम तत्काळ थांबले आणि त्याचा जाब विचारला गेला. ब्रेकरच्या कामात चूक होते तेव्हा खिडकी एका क्षणात फुटत नाही. कर्णबधिरता, झोपमोड, वाढलेला रक्तदाब हे हळूहळू साचते आणि त्याचा पंचनामा कोणी करत नाही. दिसणारा धोका आणि न दिसणारा धोका यांत आपण नेहमी न दिसणाऱ्याला माफ करतो. स्फोटके वाहणे, साठवणे आणि भरणे यातला धोका कामगारांना आहे, आणि तिथे प्रशिक्षित, परवानाधारक माणसाशिवाय कुणाचाही हात लागता कामा नये, यात तडजोड नाही.

तिसरा आक्षेप असा की आज इतकी यंत्रे उपलब्ध असताना दारूच का? रोडहेडर आहे, त्याच्या फिरत्या डोक्यावरचे दात खडक खरवडत जातात, आवाज आणि कंपन दोन्ही कमी. मुंबईच्या ब्रेशिया आणि टफमध्ये तो चांगला चालेल. सलग बेसॉल्टमध्ये त्याचे दात इतक्या लवकर झिजतात की वेग आणि खर्च दोन्ही हाताबाहेर जातात. हिऱ्याच्या तारेची करवत आहे. ती कातळाचे सरळ ठोकळे कापते आणि नाजूक भिंतीच्या अगदी लगतच्या पट्ट्यासाठी तिच्याइतके सौम्य साधन नाही. फुगणाऱ्या रसायनाने भोकातला खडक फोडण्याची रीत आहे, पण ती फार मंद आहे. टीबीएमने स्थानक का खोदत नाहीत, असेही विचारले जाते. तिचे तोंड गोल आणि एकाच मापाचे असते. बावीस मीटर रुंदीच्या, कोपरे असलेल्या दालनाला ते उपयोगी नाही. म्हणजे उत्तर एका यंत्रात नाही, थराथरानुसार यंत्र बदलण्यात आहे. जुन्नरच्या लेणी कोरणाऱ्यांना हे ठाऊक होते. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या अंगावरची लेणी लोखंडी छिन्नी-हातोड्याने कोरली गेली, आणि कारागिरांनी छतापासून सुरुवात करून खाली उतरत काम केले. काळबादेवीच्या गुहेतही आधी वरचा भाग, मग खालचा, असाच क्रम असतो. नाणेघाटातही कड्यातली चीर हेरून वाट काढली, सलग कातळाशी विनाकारण झुंज घेतली नाही. याच सह्याद्रीत, अकोले तालुक्यातल्या दुसऱ्या घाटघरला, २५० मेगावॉटचे जलविद्युत केंद्र डोंगराच्या पोटात आहे, आणि कोयनेचेही तसेच. महाराष्ट्राच्या अभियंत्यांना बेसॉल्टमध्ये दालन कसे कोरायचे हे मेट्रोच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. शहरात उणीव आहे ती कौशल्याची नाही, विश्वासाची.

आणि इथे मी स्वतःच्या म्हणण्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप घेतो: आकडे कोण मोजणार? कंपनमापक कंत्राटदाराचा, नोंदवही कंत्राटदाराची, आणि ती पाहायची तर माहिती अधिकाराचा अर्ज करून महिनाभर थांबायचे. अशा व्यवस्थेत रहिवाशाने सुरुंगाला विरोध केला तर तो अडाणीपणा नाही, ती त्याच्या हातात असलेली एकमेव सावधगिरी आहे. स्टॉकहोमने आपल्या मेट्रोची अनेक स्थानके कठीण खडकात सुरुंगांनी कोरली, आणि आताच्या विस्ताराच्या वेळी आसपासच्या लोकांना स्फोटाआधी मोबाइलवर संदेश मिळण्याची सोय केली. कधी हादरा बसणार हे ठाऊक असलेला माणूस आणि जेवताना अचानक भांडी थरथरलेली पाहणारा माणूस, यांच्या मनावरचा परिणाम एकच नसतो, कंपन तेवढेच असले तरी. माहिती उघड केली तर लोक न्यायालयात जातील आणि काम रखडेल, असे प्रकल्पाच्या बाजूने सांगितले जाते. कफ परेडच्या प्रकरणाने उलट दाखवले. लोक न्यायालयात तेव्हा जातात जेव्हा खिडकीखालच्या यंत्राबद्दल त्यांना विचारायला दुसरे दार उरत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्वारगेट ते कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या संपूर्ण भुयारी मार्गाला मंजुरी दिली. दाट वस्तीच्या सातारा रस्त्याखालून तो जाणार आहे, आणि मंजूर आराखड्यातली मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज ही स्थानके पुण्याच्याच बेसॉल्टमध्ये खणावी लागणार आहेत. स्वारगेटला २०१९ मध्ये खोदताना जुना भुयारी जलमार्ग सापडला होता, तेव्हा या पट्ट्यात खडकाबरोबर इतिहासही सांभाळावा लागेल. या मार्गाच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक सोसायटीने पुणे मेट्रो बांधणाऱ्या महामेट्रोकडे काम सुरू होण्याआधी चार गोष्टी मागाव्यात. आपल्या स्थानकाच्या जागी घेतलेल्या भोकांमधला खडकाचा थरनिहाय नकाशा मराठीत. त्या थरांत कोणते यंत्र का वापरणार याचे कारण. आपल्या इमारतीच्या भेगांची कामाआधीची छायाचित्रांसह नोंद, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. आणि ब्रेकर असो वा सुरुंग, रोजच्या कंपनाचा व आवाजाचा आकडा त्याच संध्याकाळी कुंपणावरच्या फलकावर, कंत्राटदाराने नव्हे तर स्वतंत्र संस्थेने मोजलेला. हे मिळाले तर सुरुंगाला नाही म्हणू नका. हे मिळाले नाही तर ब्रेकरलाही हो म्हणू नका.